रिखार्ड टाउबर : थोरल्या आणि धाकट्या रंगभूमीचा गायक

गवयाने नाटकात गावे की न गावे, हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गायकाने 1916 साली ‘स्वयंवरा’स चाली दिल्या आणि बालगंधर्वांनी त्या घरोघर पोहोचविल्या, तरीही बैठकीचे गाणे ते खरे गाणे आणि नाटकातले ते हलके, असे म्हणणारे जाणकार आपल्याकडे कधीच कमी नव्हते. युरोपातही नेमका हाच वाद झाला, आणि तो एका माणसाच्या आयुष्याभोवती जितका झाला तितका क्वचितच दुसऱ्या कोणाभोवती झाला असेल. त्या गायकाचे नाव रिखार्ड टाउबर. त्याच्या चरित्राचा परिचय करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे. मात्र त्यात गाण्याइतकाच त्या काळच्या राजकारणाचाही भाग आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. ऑपेरा म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या साथीने गाऊन सादर केलेले नाटक; त्यात बहुधा संभाषणही गाण्यातच चालते. ऑपेरेटा हे त्याचे धाकटे भावंड. त्यात गद्य संवाद असतात, मधून मधून पदे येतात, विषय बहुधा प्रेमाचा आणि चाली चटकन ओठांवर बसणाऱ्या. आपल्या संगीत नाटकाची घडण पाहिली तर ती या धाकट्या भावंडाशी अधिक जुळते. पुरुषाच्या उंच पट्टीच्या आवाजास तिकडे टेनर म्हणतात, आणि नाटकातला नायक बहुधा याच आवाजाचा असतो.

टाउबरचा जन्म 16 मे 1891 रोजी ऑस्ट्रियातील लिन्झ या गावी झाला. आई रंगभूमीवर गाणारी नटी, वडील नट. दोघांचा विवाह झालेला नव्हता. त्यामुळे मुलाची आरंभीची वर्षे आईच्या नावाने गेली. वडिलांनी त्यास रीतसर दत्तक घेतले ते 1913 साली, म्हणजे मुलगा बावीस वर्षांचा होण्याच्या सुमारास. वडील धर्माने कॅथलिक असले तरी त्यांचे घराणे मूळचे ज्यू. या गोष्टीस त्या वेळी कोणी फारसे महत्त्व दिले नाही. पुढे मात्र तिचे केवढे मोल द्यावे लागले ते यथाक्रम येईलच.

मुलाने गायक व्हावयाचे ठरविले, पण ज्या ज्या शिक्षकांपुढे तो गाऊन दाखवी ते ते नकार देत. कारण असे की, त्यास वाग्नरच्या जड, गर्जनेच्या गाण्यांचे वेड होते आणि गळा तर मुळीच त्या जातीचा नव्हता. शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविलेल्या माणसास ही स्थिती ओळखीची वाटेल. विद्यार्थी नेमका तोच विषय धरून बसतो, ज्यासाठी निसर्गाने त्यास घडविलेले नसते. वडिलांनी त्यास फ्रँकफुर्टच्या होख संगीतशाळेत घातले. तेथे त्याने पियानो, रचनाशास्त्र आणि वाद्यवृंदाचे संचालन यांचा अभ्यास केला. पुढे फ्रायबुर्ग येथे कार्ल बाइनेस या गुरूच्या हाताखाली त्याच्या गळ्यास खरे वळण लागले, आणि वाग्नरच्या जागी मोझार्ट आला.

2 मार्च 1913 रोजी केम्निट्झच्या रंगभूमीवर मोझार्टच्या ‘मायावी बासरी’ या ऑपेरात राजपुत्र टामिनोच्या भूमिकेत तो प्रथम उभा राहिला. त्या नाट्यगृहाची व्यवस्था त्याच्या वडिलांकडेच होती, तेव्हा पहिली संधी घरच्या वशिल्याने मिळाली असे कोणी म्हटल्यास ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु ड्रेस्डेनच्या राजदरबारी ऑपेरागृहाने त्याच वर्षी त्यास पाच वर्षांच्या कराराने बोलावून घेतले, तेथे वडिलांचा वशिला नव्हता. संगीतशाळेतील शिक्षण त्यास येथे उपयोगी पडले. स्वरलिपी तो वर्तमानपत्र वाचावे तशी वाचीत असे. कोणी गायक ऐनवेळी आजारी पडला की टाउबरला बोलवावे, आणि त्याने नवी भूमिका पाठ करून उभे राहावे, असे वारंवार घडू लागले. याचा सर्वांत मोठा दाखला 1926 सालचा. पुच्चिनी 1924 साली वारला तेव्हा त्याचा ‘टुरांडोट’ हा ऑपेरा अपुरा राहिला होता. तो दुसऱ्याने पुरा केल्यावर एप्रिल 1926 मध्ये मिलान येथे प्रथम झाला, आणि जुलैत ड्रेस्डेन येथे त्याचा पहिला जर्मन प्रयोग ठरला. नायकाची भूमिका करणारा गायक आजारी पडला. ती अवघड, कोणीही पूर्वी जर्मनमध्ये न गायिलेली भूमिका टाउबरने थोड्या दिवसांत तयार करून 4 जुलै रोजी निभावून नेली.

त्याच्या आवाजाविषयी येथेच सांगितलेले बरे. आभाळ फोडणारे अत्युच्च स्वर हे त्याचे बळ नव्हते. वरच्या स्वरांत त्याची मर्यादा होती आणि ती तो जाणून होता. त्याचे सामर्थ्य अर्ध्या आवाजात होते. स्वर भरून घ्यावा, मग तो हळूहळू बारीक करीत असा न्यावा की शेवटच्या रांगेतील श्रोत्यासही तो आपल्या कानाशी गायिला जात आहे असे वाटावे, ही किमया त्यास साधली होती. शब्द स्वच्छ, दमसास दांडगा. गळा निसर्गतः मोठा नसताना केवळ बुद्धीने आणि मेहनतीने मोठे गाणे कसे गावे, याचे असे उदाहरण माझ्या माहितीत विरळा.

1922 साली तो व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहात आला. मोझार्टचा गायक म्हणून तेथे त्याची कीर्ती झाली. आणि त्याच वर्षी त्याने ‘थेआटर आन देअर वीन’ या नाट्यगृहात फ्रान्झ लेहार याच्या ‘फ्रास्क्विटा’ या ऑपेरेटात भूमिका केली! जाणकारांच्या कपाळास आठ्या पडल्या. महायुद्धानंतरचा तो काळ; ऑस्ट्रिया आणि जर्मनीत चलनाची पार दुर्दशा झालेली. सरकारी ऑपेरागृहात नाटके आलटूनपालटून होत. ऑपेरेटाचे यशस्वी नाटक रात्रीमागून रात्री महिनोन् महिने चाले. तेव्हा पैसा हे एक कारण होतेच. पण केवळ पैशासाठी गेलेला माणूस लवकर ओळखू येतो. तो वरवर गातो. टाउबरने तसे केले नाही. मोझार्टसाठी जो श्वास आणि जी शिस्त त्याने कमावली होती, तीच त्याने लेहारच्या पदांस दिली.

लेहारचेही नशीब याने पालटले. ‘आनंदी विधवा’ लिहून 1905 साली जगप्रसिद्ध झालेला हा रचनाकार आता मागे पडत चालला होता. टाउबर भेटल्यावर तो या एका आवाजासाठीच लिहू लागला. ‘पागानिनी’, ‘त्सारेविच’, ‘फ्रीडेरिके’ अशी नाटके बर्लिनमध्ये एकामागून एक गाजली. प्रत्येक नाटकात टाउबरसाठी एक खास पद असे, आणि लोक त्यास ‘टाउबरलीड’, म्हणजे टाउबरचे गाणे, असेच म्हणत. ‘फ्रीडेरिके’ (1928) मध्ये तर नायक म्हणून प्रत्यक्ष महाकवी ग्योथे रंगभूमीवर येऊन गाऊ लागला. कालिदासाच्या शाकुंतलाचे गुणगान करणारा हाच तो ग्योथे. विद्वानांस हा पवित्र स्मृतीचा उपमर्द वाटला. प्रेक्षकांनी मात्र नाट्यगृह भरून टाकले.

1923 साली लेहारचे ‘पिवळा अंगरखा’ हे चिनी राजपुत्राच्या कथेवरील नाटक व्हिएन्नात पडले होते. तेच दुरुस्त करून, शेवट दुःखान्त करून, 10 ऑक्टोबर 1929 रोजी बर्लिनच्या मेट्रोपोल नाट्यगृहात ‘स्मितांचा देश’ या नावाने आणले. त्या वर्षाच्या आरंभी टाउबर संधिवाताने अंथरुणास खिळला होता आणि पिस्त्यानच्या उष्ण झऱ्यांवर उपचार घेऊन पुन्हा उभा राहिला होता. या नाटकातील ‘डाइन इस्ट माइन गान्झेस हेर्ट्स’ हे पद त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले. आपल्याकडील ‘वन्स मोअर’ची चाल बर्लिनमध्येही होती. टाउबर ते पद पुनःपुन्हा गाई, आणि प्रत्येक वेळी निराळ्या ढंगाने. कधी भरदार, कधी कुजबुजल्यासारखे. लिहिलेल्या स्वरलिपीच्या बाहेर न जाता हे वैविध्य साधावयाचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील अवघडपणा कळतो. आपल्या गायकास जे मोकळे रान असते ते तिकडील गायकास नसते.

20 जानेवारी 1934 रोजी व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहानेच लेहारचे ‘जुदित्ता’ रंगभूमीवर आणले आणि नायक टाउबर होता. धाकट्या भावंडास थोरल्याच्या वाड्यात मानाने पाट मांडला गेला. वादाचा निकाल येथे लागला, असे म्हणून लेख संपविता आला असता. परंतु त्यापूर्वीच दुसरे काही सुरू झाले होते.

1933 साली हिटलर जर्मनीत सत्तेवर आला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये केम्पिन्स्की हॉटेलाबाहेर तपकिरी गणवेशाच्या नाझी गुंडांनी टाउबरला गाठले आणि मारहाण केली. चार वर्षांपूर्वी ज्या शहराने त्याच्याकडून एकच पद पुनःपुन्हा गाऊन घेतले, त्याच शहराने त्याच्या वडिलांच्या घराण्याची चौकशी करून त्यास रस्त्यावर आडवे केले. त्याने जर्मनी सोडली आणि ऑस्ट्रिया गाठली. 1938 साली जर्मनीने ऑस्ट्रियाही गिळली, तेव्हा व्हिएन्नाचे दारही बंद झाले.

लेहारची नाटके नाझी राज्यात चालूच राहिली. ‘आनंदी विधवा’ हिटलरची आवडती होती. लेहारची स्वतःची पत्नीही ज्यू वंशाची. तिला वरिष्ठांच्या कृपेने अभय मिळाले. पण ‘स्मितांचा देश’ची पदे लिहिणाऱ्यांपैकी फ्रित्स लोएनर-बेडा यास कोणी वाचविले नाही. 1938 मध्ये त्यास पकडले, डाखाउ, बुखेनवाल्ड अशा छावण्यांतून फिरविले, आणि डिसेंबर 1942 मध्ये आउशविट्झच्या छावणीत मारहाण होऊन त्याचा अंत झाला. चाल राष्ट्रास प्रिय, गाणारा परागंदा आणि शब्द लिहिणारा मारला गेलेला! आपल्या रचनाकारमित्राने कवीसाठी अधिक काही करावयास हवे होते, असे पुष्कळांचे मत आहे आणि माझेही तेच आहे.

टाउबर इंग्लंडात राहिला. 1936 साली त्याने डायना नेपियर या इंग्रज नटीशी विवाह केला होता (पहिला विवाह अल्पकाळ टिकला होता), शूबर्टच्या जीवनावरील ‘ब्लॉसम टाइम’ या 1934 च्या बोलपटाने तो तेथील सामान्य प्रेक्षकासही परिचित होता. 1938 साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात सर टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली तो पुन्हा टामिनो गायिला. म्हणजे ऑपेरेटाच्या इतक्या वर्षांनंतरही मोझार्ट त्याच्या गळ्यातून गेला नव्हता. 1940 साली तो ब्रिटिश नागरिक झाला. युद्धकाळात ऑपेरागृह बंद होते. तेव्हा त्याने गावोगाव ऑपेरेटा केली, वाद्यवृंदाचे संचालन केले आणि ‘ओल्ड चेल्सी’ हे स्वतः रचलेले संगीत नाटक 1943 साली रंगभूमीवर आणले. 1946 साली न्यूयॉर्कला ‘स्मितांचा देश’ नेला, पण आवाज साथ देईना आणि खेळ लवकरच आटोपते घ्यावे लागले.

तो आवाज का साथ देत नाही, याचा उलगडा 1947 साली झाला. डाव्या फुप्फुसास कर्करोगाने ग्रासले होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात व्हिएन्नाचा सरकारी ऑपेरा लंडनला कॉव्हेंट गार्डनमध्ये आला. नऊ वर्षांपूर्वी जी मंडळी त्यास मुकली होती, त्यांच्यासमवेत 27 सप्टेंबर रोजी टाउबर मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’मध्ये डॉन ओटाव्हियोची भूमिका गायिला. या भूमिकेतील ‘इल मिओ तेझोरो’ हे गाणे टेनर गायकाच्या दमसासाची कसोटी समजतात; त्यात एक लांबलचक स्वरांची माळ आहे, आणि ती श्वास न तोडता नेण्यात चांगले चांगले धडधाकट गायक अडखळतात. टाउबर जवळजवळ एकाच फुप्फुसावर ती भूमिका आरंभापासून अखेरपर्यंत गायिला.

थोड्याच दिवसांत शस्त्रक्रिया होऊन ते फुप्फुस काढून टाकले. 8 जानेवारी 1948 रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले; वय छप्पन्न. ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत त्यास पुरले आहे. लेहार त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारला. टाउबरच्या मागे सातशेहून अधिक ध्वनिमुद्रिका उरल्या. त्यांत मोझार्ट, शूबर्ट आणि लेहार तिघेही आहेत. 1990 साली रोममध्ये तीन नामांकित टेनर गायकांचा जो प्रचंड मेळा भरला, त्यात प्लासिडो डोमिंगोने लेहारचे तेच ‘स्मितांचा देश’मधील पद गायिले, आणि ते ऑपेराच्या गाण्यांच्या पंगतीस बसले म्हणून कोणी आठी घातली नाही.