लायडेन, पुणे आणि डोळ्यातली गुठळी

आमच्या नेरूळच्या धाकट्या काकांना एका डोळ्याने अचानक धूसर दिसायला लागलं. डोळ्याच्या पडद्याच्या शिरेत रक्ताची गुठळी! वय ४५, बीपी नाही, डायबेटिस नाही. म्हणून डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. त्यात एक नाव होतं 'फॅक्टर फाइव्ह लायडेन'. लायडेन म्हणजे हॉलंडमधलं शहर. ते काकांच्या रक्तात कशाला शोधायचं? मग काय, वाचत सुटलो.

१८५१ साली हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत बघायचं उपकरण केलं आणि जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कापाकापी न करता दिसायला लागल्या. १८७८ साली फॉन मिशेलने पडद्याच्या मुख्य शिरेतल्या गुठळीचं वर्णन केलं. गुठळी दिसली, पण काही जणांचं रक्तच जास्त गोठतं ते का, हे कळायला आणखी शंभरेक वर्षं गेली. रक्ताला गोठण्यापासून आवरणारा एक नैसर्गिक ब्रेक असतो. काहींच्या रक्तावर तो नीट लागत नाही, हे १९९३ साली स्वीडनमध्ये लक्षात आलं. त्यामागचा जनुकातला बदल १९९४ साली लायडेनला सापडला, म्हणून ते नाव. (रक्ताला शहराचं नाव मिळणं आपल्याला नवं नाही. १९५२ सालचा डॉ. भेंडे यांचा 'बॉम्बे' रक्तगट आठवा!)

गंमत म्हणजे हा बदल युरोपात शंभरात साधारण पाच जणांत असतो, आपल्याकडे त्याहून बराच कमी. काकांच्या रिपोर्टात तो नव्हताच. वाढलेलं होतं ते होमोसिस्टिन.

त्याचा धागा मात्र थेट पुण्यात सापडला. डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातले ४४१ पुरुष तपासले, अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी, ५८ टक्क्यांत होमोसिस्टिन जास्त. आणि बी-१२ची कमतरता सर्वांत जास्त कुणात? शहरी मध्यमवर्गात! बी-१२ भाजीपाल्यातून मिळत नाही. ते कमी पडलं की होमोसिस्टिन वाढतं आणि वाढलेल्या होमोसिस्टिनचा गुठळ्यांशी संबंध दिसतो. मात्र बी-१२ घेतलं की गुठळी टळतेच, असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

असो. नातेवाईक मंडळींनो, बीपी, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. आणि एका डोळ्याने अचानक कमी दिसलं तर 'चष्म्याचा नंबर वाढला असेल' म्हणत बसू नका. शिरेऐवजी धमनी बंद झाली असेल, तर हातात फक्त काही तास असतात.