अंड्यांची अदलाबदल
ऑस्प्रे हा माशांवर जगणारा शिकारी पक्षी. हिवाळ्यात तो आपल्या उजनी जलाशयावरही दिसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या मुखाशी त्याची घरटी ओस पडू लागली. दोष कशाचा? आईबापांचा, परिसराचा, की अंड्यांचा?

१९६८-६९ मध्ये पॉल स्पिट्झर व सहकाऱ्यांनी तेथील आणि मेरिलँडमधील घरट्यांतल्या अंड्यांची अदलाबदल केली. मेरिलँडची अंडी परक्या घरट्यांतही नेहमीप्रमाणे उबली. कनेक्टिकटची मात्र तिकडेही फारशी उबली नाहीत. म्हणजे दोष अंड्यांतच होता. फवारलेले डीडीटी माशांमार्गे मादीच्या शरीरात साठे आणि अंड्याचे कवच पातळ होई.

१९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या सर्वसाधारण वापरावर बंदी घातली. पुढे घरटी पुन्हा भरली. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, हे मुलांना या गोष्टीतून सहज समजेल.