संत, कंजूष आणि पाटलोण

‘पाटलोण’ हा शब्द बोलण्यातून आता जवळजवळ गेलाच आहे. पँट आली आणि पाटलोण गेली. उरली असेल तर जुन्या कथा-कादंबऱ्यांतल्या मामलेदार-फौजदारांच्या अंगावर. शब्द मात्र कानाला इतका घरचा वाटतो, की ‘पाट’ आणि ‘लोण’ असे दोन मराठी तुकडे जोडून कुणीतरी तो इथेच शिवला असावा. प्रत्यक्षात तो इंग्रजी ‘पँटलून’चा मराठी अवतार आहे. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांनी इटलीतून. आणि इटलीत पोचल्यावर कळतं, की हे कपड्याचं नावच नव्हे, माणसाचं आहे. तेही एका संताचं.

हा संत पांतालेओने निकोमिडियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमितचा. पेशाने वैद्य. सम्राट डायोक्लेशनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा जो छळ झाला त्यात इ. स. ३०५च्या सुमारास तो मारला गेला, अशी परंपरा सांगते. व्हेनिस शहराचा त्याच्यावर फार जीव. तिथे त्याच्या नावाचं चर्च आहे. त्याचं छत फुमियानी नावाच्या चित्रकाराने कॅनव्हासचे तुकडे जोडून रंगवलं, १६८० ते १७०४ अशी चोवीस वर्षं खपून. मुलांना या संताचं नाव ठेवायची व्हेनिसमध्ये रीतच होती. त्यामुळे व्हेनिसचा कुणीही माणूस बाहेरच्यांच्या लेखी ‘पांतालोने’ झाला.

या नावाची आणखी एक व्युत्पत्ती सांगतात. व्हेनिसचं चिन्ह म्हणजे संत मार्कचा सिंह. व्हेनिसचे लोक जिंकलेल्या प्रत्येक बंदरात त्या सिंहाचं निशाण रोवत, म्हणून ते ‘पियांता लेओने’, सिंह रोवणारे. बायरनसारख्या कवीलाही ही कथा आवडली आणि ‘चाइल्ड हॅरल्ड’मध्ये त्याने ती वापरली. व्युत्पत्ती इतकी ऐटदार निघाली की मला आधी तिचा संशय येतो. इथेही तसंच आहे: सिंह मागाहून आला, संत आधीचा.

संताचा कंजूष झाला तो रंगभूमीवर. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इटलीत फिरत्या नटमंडळ्या उभ्या राहिल्या. पादुआमधला एका मंडळीचा १५४५चा करारनामा आजही उपलब्ध आहे. या नाटकांना पुढे ‘कोमेदिया देल्लार्ते’ म्हणू लागले. पात्रं ठरलेली, मुखवटे ठरलेले, संवाद मात्र नटांनी ऐनवेळी रचायचे. त्यातला एक हुकमी म्हातारा म्हणजे पांतालोने. व्हेनिसचा व्यापारी, पैशाला चिकट, मुलीच्या लग्नात मोडता घालणारा आणि स्वतः मात्र या वयात तरण्या बायकांच्या मागे लागणारा. वाकडं लांब नाक, टोकदार दाढी, खांद्यावर काळा झगा, कमरेला पैशाची थैली. आणि पायांत कमरेपासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटलेली लाल विजार. प्रेक्षक हसत ते तिला. म्हाताऱ्याच्या काटकुळ्या पायांवर असं लालभडक काही चढवलं की निम्मं काम नटाने तोंड उघडण्याआधीच होत असे.

‘जेलोसी’ या नामांकित मंडळीला राजा तिसऱ्या आंरीने १५७७ मध्ये फ्रान्सला बोलावलं. अशा मंडळ्यांबरोबर पांतालोनेही आल्प्स ओलांडून गेला. शेक्सपियरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये माणसाच्या आयुष्याच्या सात अवस्था सांगितल्या आहेत. त्यांतल्या सहाव्या अवस्थेतल्या म्हाताऱ्याला तो ‘पँटलून’ म्हणतो. तिथे या शब्दाचा अर्थ विजार असा लावला तर सगळा घोटाळा होईल. तो अजून माणूसच आहे, हाडकुळा, सपाता घातलेला. कपड्याला त्याचं नाव लागायला आणखी अर्धं शतक जायचं होतं.

लागलं तेव्हा ते भलत्याच कपड्याला लागलं. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला आणि फ्रेंच दरबाराची नक्कल सुरू झाली. तेव्हाचे ‘पँटलून’ म्हणजे घागऱ्यासारखे घोळदार, फितींनी मढवलेले, गुडघ्याशी संपणारे. जॉन एव्हलिनने १६६१च्या आपल्या पुस्तिकेत त्यांची टर उडवली, की हा कपडा ना पुरुषाचा ना बाईचा. पांतालोनेची विजार तंग, ही ऐसपैस. नाव तेच. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी तोच शब्द पुन्हा घोट्यापर्यंतच्या तंग विजारीवर येऊन बसला. कपड्यांच्या नावांत हे सर्रास होतं. माप बदलतं, कापड बदलतं, अंगावरची जागासुद्धा बदलते, आणि नाव आपलं लटकत राहतं.

जागा बदलण्याचं उदाहरण तर फारच मजेशीर आहे. लॅटिनमध्ये ‘काल्चेउस’ म्हणजे पायातला जोडा. त्यापासून जो शब्द निघाला तो पायमोज्याला लागला. मध्ययुगात हे पायमोजे वर वर सरकू लागले. गुडघा झाला, मांडी झाली, शेवटी कमरेजवळ पोचले. दोन पायांचे दोन वेगळे मोजे, वरच्या बंडीला नाड्यांनी बांधलेले. मधली फट झाकायची सोय पुढे झाली, पण तो विषय इथे नको. फ्रेंचांनी या लांब मोज्यांचे वरचा भाग आणि खालचा भाग असे दोन वाटे केले. खालच्या भागाला ‘बा द शोस’ म्हणत. त्यातलं ‘बा’, म्हणजे नुसतं ‘खालचं’, आजही फ्रेंचमध्ये बायकांच्या लांब मोज्यांसाठी वापरतात. इटालियनमध्ये ‘काल्झा’ मोजा राहिला आणि ‘काल्झोनी’ विजार झाली. पुण्या-मुंबईच्या पिझ्झाच्या दुकानांत घडी घातलेला कॅल्झोनी मिळतो, तो याच विजारीचा एक पाय. पोर्तुगीजांनी हाच शब्द ‘काल्सांव’ या रूपात गोव्यात आणला, आणि कोकणीत आजही विजारीला ‘कालसांव’ म्हणतात. म्हणजे गोव्यातला माणूस सकाळी कालसांव चढवतो तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने तो रोमन जोडा कमरेला बांधत असतो.

आणि खुद्द रोमन लोकांना विजारीचं वावडं होतं. टोगा नेसावा तो सुसंस्कृत माणसाने; पायांना कापडाच्या नळ्या घालाव्या त्या थंड मुलखातल्या रानटी लोकांनी. गॉल लोकांच्या विजारीला ते ‘ब्राका’ म्हणत. दक्षिण गॉलचं तर टोपणनावच ‘गालिया ब्राकाता’, विजारवाल्यांचा गॉल. उत्तरेच्या सरहद्दीवर थंडी वाजू लागल्यावर तत्त्व बाजूला पडलं. ट्रेजनच्या स्तंभावर, इ. स. ११३च्या, रोमन सैनिक गुडघ्यापर्यंतच्या चोळण्यांत कोरलेले आहेत. तरी चौथ्या शतकाच्या अगदी अखेरीस सम्राटांना हुकूम काढावा लागला, की रोम शहरात कुणी ब्राका घालून फिरेल तर त्याची मालमत्ता जप्त होईल आणि त्याला हद्दपार केलं जाईल. पुढे ४१० मध्ये अलारिकचे गॉथ शहरात शिरले. टोगा नेसून आले नव्हते.

आता फ्रान्सकडे वळू, कारण पाटलोणीचं खरं नशीब तिथे उघडलं. अठराव्या शतकातले उमराव ‘क्युलोत’ घालत, म्हणजे गुडघ्याशी बांधलेली तंग विजार आणि तिच्याखाली रेशमी मोजे. शब्दाच्या मुळाशी ‘क्यु’ आहे, म्हणजे ढुंगण. उमरावांना त्याची लाज वाटल्याचं दिसत नाही. मजूर, खलाशी, कारागीर घालत ती लांब, सैल, घोट्यापर्यंतची ‘पांतालों’. राज्यक्रांती पेटली तेव्हा या लोकांना वरचे लोक हिणवून ‘सां-क्युलोत’ म्हणू लागले: क्युलोत नसलेले. काहींना ते नागवे असावेत असं वाटतं. तसं नव्हतं, त्यांच्या अंगावर पाटलोण होती, आणि वरच्यांच्या दृष्टीने तेच पुरेसं लाजिरवाणं होतं.

शिवी त्यांनी झेंड्यासारखी मिरवली. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी नवी दिनदर्शिका केली, तीस तीस दिवसांचे बारा महिने. वर्षाअखेर जे पाच दिवस उरले, लीप वर्षी सहा, त्यांना ‘सांक्युलोतीद’ असं नाव दिलं. कालगणनेत एका न घातलेल्या विजारीला सणाचा मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. गंमत म्हणजे या सगळ्यांचा पुढारी रोबेस्पियर मात्र अखेरपर्यंत क्युलोत, रेशमी मोजे आणि पावडर लावलेले केस यांतच वावरला.

इंग्लंडमध्ये क्रांती झाली नाही, पण पाटलोण आलीच. तिथे ती बो ब्रमेलने प्रतिष्ठित केली: गडद कोट, पांढरा शुभ्र गळपट्टा, घोट्याशी नेमकी बसणारी पाटलोण आणि बाकी काही नाही. आजच्या सुटाचा पूर्वज शोधायचा तर तो इथेच सापडतो. (ब्रमेल स्वतः कर्जापायी १८१६ मध्ये फ्रान्सला पळाला आणि तिथेच १८४० मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला.) जुन्या मंडळींना हा प्रकार पटायला वेळ लागला. केंब्रिजच्या ट्रिनिटी आणि सेंट जॉन्स या कॉलेजांनी १८१२ मध्ये फर्मान काढलं, की भोजनगृहात किंवा चॅपलमध्ये जो विद्यार्थी पाटलोण घालून येईल त्याची गैरहजेरी लावली जाईल. मुलगा समोर बसून जेवतो आहे आणि हजेरीपटावर तो नाही! लंडनच्या ऑलमॅक्स या बड्या लोकांच्या नृत्यगृहाने तर गुडघ्यापर्यंतची विजार नाही म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टनला दारातून परत पाठवलं, असा किस्सा कॅप्टन ग्रोनोने आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. खरा असो वा नसो, तो लोकांना खरा वाटला, यातच सगळं आलं.

पुढच्या पिढीत कपडा सर्वमान्य झाला, तर शब्दाची पंचाईत झाली. भल्या घरी, बायकांसमोर, ‘ट्राउझर्स’ म्हणायचं कसं? मग ‘इनएक्स्प्रेसिबल्स’, म्हणजे सांगता न येणारे, आणि ‘अनमेन्शनेबल्स’, नाव न घेण्याजोगे, अशी नावं निघाली. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसा इंग्रज आपल्या विजारीचं घेईना. या नावांत निम्मी थट्टा होती, निम्मी खरीखुरी भीड. ‘ट्राउझर्स’ हा शब्दही मुळात परका, आयरिश-स्कॉटिश गेलिक बोलणाऱ्यांच्या तंग विजारीवरून आलेला. म्हणजे रोमनांनी गॉल लोकांकडून, इंग्रजांनी आयरिश लोकांकडून, फ्रेंचांनी व्हेनिसच्या विदूषकाकडून. विजारीचं नाव युरोपात सहसा शेजाऱ्याच्या घरून येतं, आणि येताना थोडी कुचेष्टा घेऊन येतं.

आपलंही वेगळं नाही. ‘विजार’ हा शब्द ‘इजार’चा. मूळ अरबी ‘इझार’ म्हणजे कमरेला गुंडाळायचं न शिवलेलं वस्त्र. हज यात्रेकरू आजही ते नेसतात. फारसीतून इकडे येईपर्यंत त्याला शिवण पडली आणि दोन पाय फुटले. ‘तुमान’ आणि ‘सुरवार’ याही फारसीतूनच आल्या. इंग्रजी अमलात पाटलोण आली ती या विजारींच्या घरात धाकटी जाऊ म्हणून नव्हे, साहेबीण म्हणून. विजार कुणीही घालावी, पाटलोण कचेरीत जाणाऱ्याने. परतफेड म्हणावी असा एक शब्द मात्र इथून तिकडे गेला. मुंबईच्या डोंगरी भागावरून जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजांनी ‘डंगरी’ म्हटलं, असं मानतात. खलाशांचे आणि कामगारांचे कपडे त्याचे होत. पुढे कापडाचं नाव कपड्याला लागलं, आणि आता मुंबईतल्याच दुकानांत लहान मुलींसाठी डंगरी मिळते, फॅशनची म्हणून.

मुलींसाठी म्हटलं, कारण फ्रान्समध्ये ही गोष्ट बरेच दिवस कायद्याची होती. क्रांतिसरकारने १७९३ मध्ये प्रत्येकाला हवा तो पोशाख करायचं स्वातंत्र्य दिलं, पण आपापल्या लिंगाला साजेसा, अशी अट घालून. ७ नोव्हेंबर १८०० रोजी पॅरिसच्या पोलीस प्रमुखाने हुकूम काढला, की ज्या बाईला पुरुषी कपडे घालायचे असतील तिने पोलिसांचा परवाना काढावा. चित्रकार रोझा बोनर हिला घोड्यांच्या बाजारांत आणि कत्तलखान्यांत जाऊन रेखाटनं करायची असत. झगा सावरत तिथे उभं राहणं अशक्य. तिचा १८५७चा परवाना उपलब्ध आहे. मुदत सहा महिने, कारण: आरोग्य. १८९२ आणि १९०९च्या परिपत्रकांनी थोडी सवलत दिली: बाईच्या हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पाटलोण चालेल. सायकलवरून उतरल्यावर काय करायचं, ते तिने पाहावं.

हा हुकूम मात्र रद्द झालाच नाही. मधल्या काळात फ्रेंच बायका पाटलोणी घालून कारखान्यांत गेल्या, विद्यापीठांत गेल्या, संसदेत गेल्या. अखेर एका खासदाराने प्रश्न विचारला, आणि ३१ जानेवारी २०१३ रोजी महिला हक्क मंत्र्यांनी उत्तर दिलं: स्त्री-पुरुष समानता राज्यघटनेतच असल्याने हा हुकूम केव्हाच आपोआप निकामी झाला आहे, वेगळा रद्द करायची गरज नाही. पोलिसांच्या दफ्तरात तो जुना कागद म्हणून जपून ठेवलेला आहे, इतकंच.