नदी कुणाची, वीज कुणाला

१२ डिसेंबर १९०४. दुपारचे चार वाजायच्या आतच अंधारून आलंय. आइसलँडच्या नैर्ऋत्येला हाफ्नारफ्योर्दुर नावाचं मच्छीमारांचं गाव आहे, तिथल्या ओढ्याकाठी तुम्ही उभे आहात. योहानेस रेक्दाल या सुताराने याच ओढ्यावर आपला सुतारकामाचा कारखाना थाटलाय. आज त्याच पाण्यावर, नॉर्वेहून आणलेल्या जनित्रातून तो वीज काढणार आहे. किती? ९ किलोवॉट. आपल्याकडच्या एखाद्या मंगल कार्यालयाचे चार-पाच एसी एवढ्यातच आटोपतील. पण ओढ्यालगतच्या पंधरा-सोळा घरांत दिवे लागतात आणि माणसं उंबऱ्याबाहेर येऊन आपल्याच घराकडे बघत राहतात.

आइसलँड आज जवळजवळ सगळी वीज पाणी आणि भूगर्भातली वाफ यांच्यावर करतो. साधारण सत्तर टक्के पाण्यावर, तीस टक्के वाफेवर. आपण हे ऐकतो आणि म्हणतो, त्यांना देवाने दिलंय. दिलंय खरंच. वर हिमनद्या आहेत, खाली तापलेली जमीन आहे आणि सगळी वस्ती मुंबईच्या एका उपनगराएवढी. पण देवाने दिलेलं कुणी, कसं आणि कुणाला विचारून घेतलं, याची हकिगत त्या टक्केवारीत दिसत नाही. तेवढ्यासाठी तुम्हाला इथे आणलंय.

जरा पुढे चला. १९२१चा जून. रेक्याविकवर अजून विलायती कोळशाचा धूर आहे; थंडीत तो छपरांवर गोधडीसारखा पसरून राहतो. शहराबाहेर एल्लिदाऊ नदीवर जलविद्युत केंद्र सुरू होतंय. या उन्हाळ्यात तुमचं मन मात्र मुळशीत असायला हवं. तिथे दोनच महिन्यांपूर्वी, रामनवमीला, मावळे टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसलेत. तिकडेही पाण्याचीच वीज आहे, आणि ती मुंबईला हवी आहे. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट ही नावं तुम्हाला पाठ आहेत, आणि शेवटही ठाऊक आहे. गावं बुडाली, धरण झालं. हे मनात धरूनच पुढची उडी घ्या, कारण जिथे जायचंय तिथे याच भांडणाचा शेवट वेगळा झाला.

२५ ऑगस्ट १९७०, संध्याकाळ. तुम्ही आता उत्तरेत आहात, मीवात्न तळ्याच्या काठी. तळं मोठं, पण उथळ. बहुतेक ठिकाणी दोन पुरुषांएवढंही पाणी नाही. डोळ्यांत, नाकात, कानांत चिलटं. हात हलवून काही होत नाही. इथली माणसं तर हलवतही नाहीत. ही चिलटं म्हणजे या तळ्याचं धान्य आहे. त्यांच्या अळ्या ट्राउट मासा खातो, बदकं खातात, आणि त्या माशावर नि बदकांच्या अंड्यांवर इथल्या शेतकऱ्यांची कित्येक पिढ्यांची चूल चालत आलीय. घरामागच्या खोपटात डोकावून पाहा. आढ्याला ट्राउट टांगलेत आणि खाली धुमसतायत त्या मेंढ्यांच्या वाळवलेल्या लेंड्या. इथे सरपणाचं लाकूड मिळतच नाही. शेणीच्या धुराचा वास तुम्हाला नवा नाही, त्यामुळे घरात पाऊल टाकल्यावर अंगावरचं परकेपण थोडं कमी होतं.

या तळ्यातून लाक्सा नदी निघते. तिच्यावर खाली १९३९ पासून वीज केंद्र आहे, १९५३ मध्ये दुसरं झालं. वीज आकुरेरी शहराला जाते. तेवढ्यावर कुणाची तक्रार नव्हती. आता वीज कंपनीला पन्नास मीटरहून उंच धरण बांधायचंय. ते झालं तर लाक्साची दरी, तिच्यातली कुरणं, घरं, सगळं पाण्याखाली जाणार. शेतकऱ्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या, गेल्याच महिन्यात गाड्यांचा तांडा घेऊन आकुरेरीला निषेध करून आले. तिकडून हवं ते उत्तर आलं नाही.

तळ्याच्या तोंडाशी, नदीच्या मिद्क्वीस्ल नावाच्या फाट्यावर, एक छोटा बांध आहे. मोठ्या धरणाशी तुलना केली तर खेळण्यासारखा, पण माशांची वर यायची वाट त्याने अडवलीय. आज रात्री लोक तिथे जमतायत. चोरून नव्हे. कुणी घाईत नाही, कुणी तोंड झाकलेलं नाही. शेजारी शेजाऱ्याबरोबर आलाय. मातीचा भराव उकरला जातो. तुम्ही मागे, कुरणाच्या कडेला उभे राहा. डायनामाइटचा आवाज तळ्यावरून जातो आणि बदकं एकदम उठतात. फाट्यातून पाणी धावायला लागतं.

मला या रात्रीपेक्षाही मोलाचा वाटतो तो तिच्यानंतरचा दिवस. पोलीस विचारायला येतात, आणि बांध कुणी उडवला याचं उत्तर आख्खी पंचक्रोशी देते. शंभरहून जास्त माणसं सह्या करून सांगतात की हे आम्ही केलं. त्यात म्हातारी माणसं आहेत, घरं सांभाळणाऱ्या बायका आहेत. साठहून अधिक जणांवर खटले भरले जातात, पण शंभरांमधून एक गुन्हेगार निवडून काढता येत नाही. १९७३ मध्ये तडजोड होते आणि मोठ्या धरणाचा बेत रद्द होतो. १९७४ मध्ये मीवात्न आणि लाक्सा यांना कायद्याचं संरक्षण मिळतं. जुनी केंद्रं चालू राहतात, आकुरेरीत अंधार होत नाही. मुळशीच्या बाजूने उभं राहणाऱ्या कुणालाही ही गोष्ट वाचताना गलबलून येईल. मला येतं.

त्याच तळ्याच्या काठाने सात वर्षं पुढे या. ८ सप्टेंबर १९७७, रात्र. ठिकाण ब्यार्नारफ्लाग. इथली माती इतकी गरम की बायका राय या धान्याच्या पिठाचे डबे जमिनीत पुरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पाव काढतात. १९६९ मध्ये याच मातीतल्या वाफेवर देशातलं पहिलं भूऔष्णिक वीज केंद्र सुरू झालं, अवघ्या ३ मेगावॉटचं. १९७३च्या तेलसंकटाने सगळ्यांना घाई लावलीय. निम्म्या देशाची घरं तेलावर तापत होती आणि तेलाच्या किमती एकदम कितीतरी पटींनी वाढल्या. म्हणून जवळच्या क्राफ्ला ज्वालामुखीवर मोठं केंद्र उभारायला घेतलं, आणि १९७५च्या डिसेंबरात काम चालू असतानाच ज्वालामुखी जागा झाला.

आज रात्री तो विंधन विहिरीतूनच वर येतो. विहीर ११०० मीटरहून खोल, वाफेसाठी खणलेली. तिच्या नळीतून लाव्हाचे तांबडे तुकडे उडतायत, सुमारे तीन टन. माणसाने खणलेल्या भोकातून ज्वालामुखी ओकतोय असं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. तुम्ही लांब आहात तरी पायाखालची थरथर तळव्यांना कळते. उद्रेक १९८४ पर्यंत थांबत-थांबत चालू राहिले. वाफेत आम्लधर्मी वायू मिसळले आणि विहिरींतले पाइप सडले. क्राफ्लाचं दुसरं टर्बाइन आणून ठेवलेलं होतं, ते बसायला १९९७ उजाडलं. ‘फुकटची ऊर्जा’ म्हणणाऱ्यांना या विहिरीच्या काठी आणून उभं करावं. इंधनाला पैसे पडत नाहीत. पण वीस वर्षांचा धीर पडतो, आणि तो धरला म्हणून आज क्राफ्ला ६० मेगावॉट वीज देतंय.

आता २६ सप्टेंबर २००६, संध्याकाळ, रेक्याविक. कोळशाचा धूर केव्हाच गेलाय. शहराची घरं भूगर्भातल्या गरम पाण्यावर उबदार आहेत, आणि तरीही रस्ता माणसांनी भरलाय. पुढे चालतोय ओमार राग्नारसन, टीव्हीचा पत्रकार आणि वैमानिक. सगळा देश त्याला ओळखतो. मागे दहा हजारांहून जास्त लोक. तीन लाखांच्या देशात! पूर्वेला काराह्न्यूकार इथे सुमारे दोनशे मीटर उंच धरण तयार झालंय. दोन दिवसांनी पाणी अडवलं जाईल आणि ५७ चौरस किलोमीटरचा ओसाड, अनाघ्रात डोंगरपट्टा बुडेल. गुलाबी पायांच्या हंसांची घरटी आणि रेनडिअरच्या वाटा त्यात जातील.

आणि ही ६९० मेगावॉट वीज कुणाच्या घरात जाणार? कुणाच्याच नाही. ती रेयदारफ्योर्दुरच्या अल्युमिनियम कारखान्याला जाणार. देशातल्या विजेचा साधारण दोन तृतीयांश भाग असा अल्युमिनियमच्या भट्ट्यांत जातो. म्हणून तर दरडोई वीजवापरात आइसलँड जगात पहिला आहे. या मोर्चात मी तुमच्याबरोबर चालतोय. पण पूर्वेच्या लोकांना विसरून चालणार नाही. मासेमारी आटत चाललेली, तरुण मुलं गाव सोडून राजधानीत. त्यांना या कारखान्यात शाळा भरलेली आणि दुकानाचं शटर उघडं दिसत होतं. राजधानीतल्या कॉफीच्या दुकानात बसून त्यांना निसर्ग शिकवणं सोपं होतं, आणि ते तसं बोलूनही दाखवत. दोन दिवसांनी पाणी अडलं. या वेळी बांध कुणी उडवला नाही, उडवता आलाही नसता.

शेवटचा मुक्काम. जानेवारी २०१३, आइसलँडच्या संसदेची, आल्थिंगची, प्रेक्षक गॅलरी. नद्या आणि गरम पाण्याची क्षेत्रं यांचा आराखडा बनवायला १९९९ मध्ये सुरुवात झाली, तो आज मंजूर होतोय. प्रत्येक जागेला तीनपैकी एका यादीत नाव मिळालंय. एक, वापरा. दोन, थांबा आणि अभ्यास करा. तीन, हात लावू नका. भूगर्भतज्ज्ञ, पक्षितज्ज्ञ, अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं एकेका खोऱ्यावर बसले, मग राजकारण्यांनी त्यात फेरफार केले आणि त्यावरूनही भांडणं झाली. मला यातली भांडणं खटकत नाहीत. आपल्याकडे धरणाची जागा ठरल्यावर लोकांना नोटीस येते. इथे निदान ठरायच्या आधी सगळ्या नद्या एकाच कागदावर, एकमेकींच्या शेजारी मांडल्या गेल्या.

तुमच्या हातात ती यादी आहे. योकुल्सा आ फ्योत्लुम, जिच्यावर डेट्टिफॉस धबधबा कोसळतो, ‘हात लावू नका’ खाली आहे. दक्षिणेतल्या थ्योर्साच्या खालच्या टप्प्यातले तीन प्रकल्प ‘थांबा’मध्ये आहेत. त्यातला ह्वाम्सविर्क्युन हा प्रकल्प दोनच वर्षांनी ‘वापरा’मध्ये सरकवला जाईल, आणि नदीकाठचे शेतकरी विरोधाला पुन्हा उभे राहतील.