व्रणरोगाच्या जीवाणूंचे नामकरण : यजमान आणि प्रजाती

धाराशिव जिल्ह्यात लिंबू, आंबा व डाळिंब या तिन्ही फळझाडांच्या बागा आहेत. आणि तिन्हींना जीवाणुजन्य व्रणरोग जडू शकतो. लिंबावरील रोगास शेतकरी खैऱ्या म्हणतात. त्यात पाने, फळे व कोवळ्या फांद्यांवर खरबरीत खवले उठतात. डाळिंबावरील तेल्या रोगात प्रथम तेलकट ठिपके दिसतात. पेऱ्यावर व्रण पडल्यास फांदी तेथेच मोडते. हे रोग एकाच जीवाणूचे की निरनिराळ्या, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकात अनेकदा बदलले.

लिंबावरील जीवाणूचे वर्णन क्लारा हासे यांनी १९१५ मध्ये अमेरिकेत केले. पिवळ्या वसाहती करणाऱ्या अशा जीवाणूंसाठी डौसन यांनी १९३९ मध्ये झँथोमोनस हा वंश स्थापिला. त्या काळी यजमान वनस्पती नवी आढळली की जीवाणूची प्रजातीही नवी मानण्याचा प्रघात होता. पुण्याच्या कृषि महाविद्यालयातील एम. के. पटेल व त्यांचे सहकारी यांनी त्याच रीतीने अनेक प्रजातींचे वर्णन केले. १९४८ मध्ये पटेल, मोनीझ व कुलकर्णी यांनी आंब्यावरील जीवाणूची नोंद केली. पण त्याच्या वसाहती पांढऱ्या असल्यामुळे तो स्यूडोमोनस वंशात गेला. १९७४ मध्ये तो झँथोमोनसमध्ये आणला गेला. रंगद्रव्य हे नात्याचे निर्णायक लक्षण नव्हे, हे यावरून स्पष्ट झाले. डाळिंबावरील जीवाणूस हिंगोरानी व सिंग यांनी १९५९ मध्ये स्वतंत्र प्रजातीचे नाव दिले.

१९८० मध्ये यजमानावर आधारलेल्या बहुसंख्य प्रजाती रद्द होऊन त्या एकाच प्रजातीचे 'पॅथोव्हार', म्हणजे रोगकारक प्रकार, ठरल्या. १९९५ मध्ये व्हॉटेरिन व सहकाऱ्यांनी डीएनएच्या तुलनेवरून सर्व वंशाची पुनर्रचना केली. पुढील संशोधनाने लिंबू, आंबा व डाळिंब यांवरील तिन्ही जीवाणू झँथोमोनस सिट्राय या एकाच प्रजातीत आले.

तथापि या ऐक्यावरून खैऱ्याचा जीवाणू डाळिंबावर तेल्या उत्पन्न करील, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. प्रजातीचे नाव वंशसंबंध सांगते. कोणत्या झाडास भय आहे, हे पॅथोव्हारच्या नावावरूनच कळते. रोगट रोपाची तपासणी करताना केवळ प्रजाती ओळखून थांबल्यास बागाइतदारास चुकीचा सल्ला मिळण्याचा संभव राहतो. जुन्या अभ्यासकांनी यजमानास प्रजातीचा आधार मानले, ते टिकले नाही. परंतु यजमानावर प्रत्यक्ष रोगसंक्रमण करून पाहण्याची त्यांची कसोटी आजही अनिवार्य आहे.