शाळा बंद असते तेव्हा : माणदेशातील सुट्टीच्या अभ्यासाची प्रस्तावना

शिक्षण हक्क कायद्याने वर्षातले कामाचे दिवस ठरवून दिले आहेत : पहिली ते पाचवीसाठी किमान २००, सहावी ते आठवीसाठी किमान २२०. या दिवसांविषयी आपल्याकडे उदंड लिहिले गेले. पट, गळती, गुणवत्ता, शिक्षकांची रिक्त पदे, सगळ्यांवर अहवाल आहेत. उरलेल्या दीडशेएक दिवसांवर मात्र जवळजवळ कोणी लिहीत नाही. मूल त्या दिवसांतही भुकेजते, वाढते, खेळते, राबते, कंटाळते. हे दिवस कोणाच्या भरवशावर जातात, त्यांवर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा का, आणि गावाने निवडून दिलेल्या ग्रामपंचायतीचे किंवा जिल्हा परिषदेचे त्यात काय काम, हा या अभ्यासाचा विषय. त्यात नव्याने येणाऱ्याचे मनापासून स्वागत करावे आणि वाट कुठून कुठे जाते ते सांगावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

हा अभ्यास माणदेशापासून सुरू करण्याला कारण आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपासच, आणि तोही बेभरवशाचा. माण, खटाव, सांगलीकडचे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सोलापूरचा सांगोला हा सगळा पर्जन्यछायेचा माणदेशी पट्टा. इथे उन्हाळी सुट्टी आणि पाणीटंचाई एकाच वेळी येतात. मेच्या आरंभी शाळेला कुलूप लागते, तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात, टँकरची वाट पाहणे सुरू झालेले असते. शहरातल्या मुलाची सुट्टी आणि इथल्या मुलाची सुट्टी यांत पैशाचा फरक तर आहेच, पण घरात माणसे किती उरली आहेत याचाही आहे.

माणसे कुठे जातात हे पाहिल्यावाचून इथल्या सुट्टीचा अर्थ लागत नाही. जत, आटपाडी, माण भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मागे राहू न शकणारी मुले बरोबर जातात. हंगाम आटोपून टोळ्या परततात त्या मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे मूल गावी येते आणि थोड्याच दिवसांत शाळा बंद होते. साखरेचे वर्ष आणि शाळेचे वर्ष अशी उलटसुलट बसल्यामुळे त्या मुलाच्या वाट्याला शाळा दिवाळीपासून जूनपर्यंत बंदच. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहे चालवली जातात, आजी-आजोबांच्या आधाराने मुले गावात टिकतात. ही व्यवस्था चांगली आहे, पण ती हंगामापुरती. हंगाम संपला की वसतिगृह मिटते. मेंढपाळांचे वर्ष आणखी वेगळे : दिवाळीनंतर वाड्यांतली मेंढरांची खांडे नदीकाठच्या, कोकणाकडच्या मुलखात उतरतात ती पावसाच्या तोंडावर माघारी येतात. मुंबईत माथाडीचे काम करणाऱ्यांची, देशभर सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात पांगलेल्यांची मुले मात्र उन्हाळी सुट्टीत गावी येतात. एका घरासाठी सुट्टी म्हणजे परतणे, शेजारच्यासाठी दूर असणे. ‘ग्रामीण मुलांची सुट्टी’ असे एकच शीर्षक घालून केलेली पाहणी इथे फसते.

आता जेवणाकडे येऊ, कारण या क्षेत्रातला सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण बंधनकारक केले. प्राथमिक वर्गातल्या मुलामागे ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने, असे आजचे प्रमाण. शाळेतली खिचडी हा कोरडवाहू घरातल्या मुलाच्या दिवसाचा मोठा आधार असतो. पण तो शाळेच्या दिवसांपुरता. २० एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने सांगितले, की दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही हे जेवण द्यावे. मे २०१६ मध्ये स्वराज अभियानाच्या याचिकेवर पुन्हा तसाच आदेश झाला. त्या याचिकेतल्या राज्यांत महाराष्ट्र होता. या दोन आदेशांवर नव्या अभ्यासकाने मुक्काम ठोकावा असे मला वाटते. त्यांतून एक गोष्ट मान्य झाली, की सुट्टीतही मुलाला भूक लागते आणि ती भागवणे सार्वजनिक कर्तव्य असू शकते. पण या कर्तव्याला अट लागली ती दुष्काळाची. दुष्काळ जाहीर झाला तर सुट्टीत शाळेची चूल पेटते, नाही तर विझलेली राहते. जाहीर न झालेल्या टंचाईच्या वर्षी भूक कमी असते काय? माणदेशात चांगले वर्ष आणि वाईट वर्ष यांतले अंतर फार थोडे असते. सुट्टीतले जेवण आपत्तीच्या खात्यातून काढून रोजच्या व्यवस्थेत आणणे, हा माझ्या मते या क्षेत्रापुढचा पहिला प्रश्न आहे.

कायद्यात सुट्टी आणखी एका ठिकाणी भेटते. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यास त्यात सरसकट बंदी आहे. मात्र शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत घरच्यांना, घरच्या धंद्यात मदत करता येते, काम धोकादायक नसले म्हणजे झाले. मेंढरांमागे जाणारा, डाळिंबाच्या बागेत आई-बापाच्या हाताखाली असणारा मुलगा या तरतुदीत बसतो. त्याचे शिकणे कुठे संपते आणि राबणे कुठे सुरू होते, हे ठरवायला कायदा पुरत नाही. त्याचा दिवस बसून पाहावा लागतो. मी स्वतः अशा कामाकडे केवळ वंचना म्हणून पाहू शकत नाही. शेळीचे बाळंतपण, वैरणीचा अंदाज, पाण्याची काटकसर हे ज्ञान या मुलांकडे आहे आणि ते सुट्टीतच मिळते. मुलींच्या बाबतीत मात्र माझे मन इतके मोकळे राहत नाही. पाण्याच्या खेपा त्यांच्याच डोक्यावर, धाकटी भावंडे त्यांच्याच कडेवर, आणि लग्नसराईही याच दिवसांत. शाळा चालू असताना हजेरीपटावरून मुलगी दिसेनाशी झाली तर शिक्षकाला कळते. मे महिन्यात कोणाला कळणार? खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो ग्रामसेवक. पंचायतीचे दप्तर लिहिणाराही तोच. मुलीला सुट्टीत रोज यायला हक्काची जागा असेल, तर ती न आल्याचे कोणाच्या तरी ध्यानात येईल. सुट्टीतल्या उपक्रमाचा हा उपयोग अहवालांत क्वचितच नोंदला जातो, म्हणून मुद्दाम इथे लिहिले.

या विषयाला इतिहास आहे आणि तो आपल्याच मातीत आहे. आटपाडी औंध संस्थानात होते. भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले आणि १९३९ च्या राज्यघटनेने गावपंचायतींकडे अधिकार सोपवले. मुलांचे शरीर आणि गावाचा कारभार ही दोन्ही एकाच राज्यकर्त्याच्या आस्थेची ठिकाणे होती. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ याच मुलखातली. धनगरांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो, राजेसाहेब येतात, आणि पुढे दुष्काळ पडून वाडी ओस पडते. गावाने तरुणांसाठी उभारलेली जागा आणि तिच्यात यायला कोणीच न उरणे, हे आपल्या अभ्यासाचे केंद्र कादंबरीने कधीच मांडून ठेवले आहे. पंचायत-खर्चाच्या अभ्यासकाने ती वाचलीच पाहिजे. १९४१ साली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा आणि शिबिरे यांतून मुलांच्या मोकळ्या वेळेला वळण दिले. पुण्यात १९८५ पासून गरवारे बालभवन चालते. पण सेवा दल कार्यकर्त्यांच्या बळावर चालले, बालभवन शहरात. माण तालुक्यातल्या दहिवडी-म्हसवडच्या वाड्यांपर्यंत कायमचे काही पोचले नाही.

बाहेरच्या जगाकडे पाहिले तर १८७६ हे वर्ष ठळक दिसते. त्या वर्षी झुरिचचे पाद्री हेर्मान वाल्टर बियोन यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांना सुट्टीत डोंगराळ आपेनझेलला नेले आणि युरोपात सुट्टी-वसाहतींची प्रथा सुरू झाली. दख्खनचा मोठा दुष्काळही त्याच वर्षी सुरू झाला. इकडे मुले दुष्काळी कामांवर खडी वाहत होती आणि त्यांच्या मजुरीचा वेगळा दर ठरलेला होता. पुढे फ्रान्समध्ये पॅरिसभोवतालच्या कामगार वस्त्यांच्या नगरपालिकांनी स्वतःच्या वसाहती चालवल्या. लॉरा ली डाउन्स यांनी त्यांचा इतिहास लिहिला आहे. नगरपालिकेच्या राजकारणातून मुलांची सुट्टी कशी घडते ते त्यात उत्तम दिसते. इंग्लंडमध्ये २०२० साली फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डने सुट्टीतल्या भुकेवर आवाज उठवला. तिथे २०२१ पासून केंद्राच्या पैशातून सर्व स्थानिक कौन्सिलांमार्फत, शाळेत मोफत जेवणाला पात्र असलेल्या मुलांसाठी सुट्टीतले खेळ आणि जेवण देण्याची योजना चालते : दिवसाला चार तास, आठवड्याला चार दिवस, वर्षाला सहा आठवडे. यात मला घेण्यासारखी वाटते ती जबाबदारीची रचना. अमुक कौन्सिलच्या हद्दीत अमुक मुले, त्यांचे दिवस, त्यांचे जेवण, आणि विचारायचे कोणाला हे ठाऊक.

सुट्टीत शिकलेले विसरते का, हा एक जुना वाद. अमेरिकेत बार्बरा हाइन्स यांनी १९७८ मध्ये अटलांटाच्या मुलांविषयी, नंतर अलेक्झांडर व एन्टविसल यांनी बाल्टिमोरच्या मुलांविषयी दाखवले, की गरीब व सुस्थित मुलांतली दरी सुट्टीत वाढते. अलीकडे पॉल फॉन हिपेल यांनी त्या मोजमापांवरच शंका घेतली. हा वाद वाचावा, पण त्यात अडकू नये. आटपाडीच्या मुलाची सुट्टी केवळ वाचनाच्या गुणांनी मोजायला निघालो, तर जेवण, मुलीची सुरक्षितता, खेळ, सोबत हे सारे मोजपट्टीच्या बाहेर राहील.

पैसा आहे का? हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. थोडा आहे, पण आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचा असतो. वित्त आयोगाच्या निधीचा अबंधित भाग गावाच्या आराखड्यानुसार वापरता येतो. जिल्हा परिषदेचा सेस आहे. तिची महिला व बालकल्याण समिती मुलींना स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण देणाऱ्या योजना चालवते. जिल्हा क्रीडा कार्यालये उन्हाळी शिबिरे घेतात, पण ती बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि एसटीचे भाडे हाच वाडीवरच्या मुलाला पहिला अडसर. गावात सुट्टीच्या दिवसांत तरुणांवर सर्वांत मोठा खर्च होतो तो जत्रेत, वर्गणीतून. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी चढतात, गावोगावी कुस्त्यांची मैदाने भरतात, इनामे लागतात. जत्रा कमिटीचे पावतीपुस्तक हा ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाइतकाच महत्त्वाचा दस्तऐवज आहे. गाव पोरांवर खर्च करायला तयार आहे याचा तो लेखी पुरावा. त्यात पोरी कुठे आहेत, हेही त्यातच दिसते.

अलीकडच्या दोन गोष्टी आशा वाढवतात. पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावांची जलसंधारण स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे अशी, म्हणजे साधारण निम्मी सुट्टीत होत असे. २०१८ साली राज्यात पहिला क्रमांक माण तालुक्यातल्या टाकेवाडीने मिळवला. या स्पर्धेत गावोगावची मुले थोरांबरोबर श्रमदानाला उतरली. आपल्या कामाचा गावाला उपयोग आहे हे मुलांना कळण्याइतके दुसरे मोठे शिबिर नसेल. मात्र उन्हातल्या मातीकामात मुलांचा वाटा किती असावा, याचे नियम कोणी घालायचे, हाही प्रश्न विचारायला हवा. दुसरी गोष्ट धावण्याची. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, आणि माणदेशातल्या कितीतरी मुली मैदानावर आल्या. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने खेळाडू घडवण्याचे काम चिकाटीने उभे केले आहे. मला त्याचे मोल वाटते. तरीही निवड चाचणीत मागे पडणाऱ्या मुलीलाही मे महिना काढायचाच असतो. पंचायतीचे काम तिच्यापासून सुरू होते, कारण संस्था निवड करू शकते, पंचायतीला आपल्या हद्दीतले मूल वगळता येत नाही.

नव्या अभ्यासकाने कागद कुठे शोधावेत? ग्रामपंचायतीचा नमुना क्रमांक १ म्हणजे अंदाजपत्रक, ग्रामसभेचे ठराव, शाळेचे जनरल रजिस्टर आणि पोषण आहाराच्या नोंदी, पंचायत समितीतले टँकरचे तक्ते, चारा छावण्यांचे दप्तर. २०१२-१३ आणि २०१९ च्या दुष्काळांत जनावरांबरोबर कुटुंबेही छावणीत राहिली. त्यांतल्या मुलांनी दिवस कसे काढले हे आज मोठी झालेली ती मुले स्वतः सांगू शकतात. त्यांच्या मुलाखती लवकर घ्यायला हव्यात. मुलांशी बोलताना त्यांना ‘सुट्टीत काय केलं?’ असा निबंधाचा प्रश्न घालू नये. काल सकाळी उठल्यापासून काय काय झाले, कोण बरोबर होते, कधी खाल्ले, असे विचारावे.

आणि उपक्रम सुचवायची वेळ आली, तर सुट्टीची दुसरी शाळा करू नये. माणदेशातल्या मुलांना हवे असते ते फारसे अवघड नाही : सावलीची जागा, पिण्याचे पाणी, दुपारचे ताट, चार पुस्तके, एक चेंडू, दोरी, आणि लक्ष ठेवणारे एक विश्वासाचे माणूस, ज्याला पंचायतीने त्या दिवसांचे मानधन दिले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत गावात आहे, तिच्यात स्वयंपाकाची भांडी आहेत, पोषण आहार शिजवणाऱ्या बाया त्याच गावच्या आहेत आणि मेमध्ये त्यांच्याही हाताला काम नसते. या शाळेची किल्ली सुट्टीत कोणाकडे असते आणि ती मागायचा ठराव आजवर कोणत्या ग्रामसभेत झाला, इथून शोधाला सुरुवात करता येईल.