अहवालाची परीक्षा

कावेरीच्या दक्षिणेस, कुंभकोणम्‌पासून अवघ्या काही मैलांवर पट्टीश्वरम् नावाचे गाव आहे. तेथील धेनुपुरीश्वराच्या देवळात एका मंत्र्याची व त्याच्या पत्नीची मूर्ती पाहावयास मिळते. हा मंत्री म्हणजे तंजावरच्या नायक राजांच्या पदरी असलेला गोविंद दीक्षित. त्याचा पुत्र वेंकटमखी याने सतराव्या शतकात ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथात स्वरांच्या जोडण्या मोजून ७२ मेळांची रचना सांगितली. हिशेब करावा आणि तो शब्दांत समजावून सांगावा, ही विद्या या परिसराला अशी जुनीच आहे. नायकांमागून व्यंकोजीराजांचे मराठी राज्य तंजावरास आले, आणि त्याच्या आश्रयाने कावेरीकाठी मराठी घराणी वाढली. अशाच एका देशस्थ घराण्यात १८२८ साली कुंभकोणम् येथे टी. माधवरावांचा जन्म झाला.

त्यांचे वडील रंगराव व चुलते वेंकटराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केली होती. परंतु माधवरावांच्या हाती जे साधन आले, ते वडिलांच्या पिढीला लाभलेले नव्हते. मद्रासच्या सरकारी विद्यालयात पॉवेलसाहेबांच्या हाताखाली ते गणित शिकले आणि इंग्रजीही. मग काही काळ मद्रासच्या हिशेब कचेरीत काम करून १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. गणित आणि इंग्रजी एकाच माणसात वसणे वाटते तितके सहज नाही. पुढे याच कुंभकोणम्‌च्या सरकारी महाविद्यालयात १९०४ साली दाखल झालेल्या श्रीनिवास रामानुजनची शिष्यवृत्ती इंग्रजीत अनुत्तीर्ण झाल्यामुळे गेली, हे सर्वश्रुत आहे.

१८५५ हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले व तेथील मराठी गादी संपली. त्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने त्रावणकोरच्या महाराजांना बजावले की, कारभार सुधारला नाही तर राज्य खालसा होईल. खजिना रिता, नोकरांचे पगार थकलेले आणि कंपनीची सुमारे ८ लाख रुपयांची वार्षिक खंडणी मात्र चुकत नव्हती. अशा राज्याची दिवाणगिरी १८५८ साली तिशीतल्या माधवरावांकडे आली. मिरीचा सरकारी मक्ता १८६० साली उठला, पुढे तंबाखूचाही उठला. १८६५ साली ब्रिटिश हिंदुस्थान व कोचीन यांच्याशी व्यापाराचा करार होऊन नाक्यानाक्यावरची जकात सुटली. त्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकी हक्क मिळाला.

आता मक्ता मोडला की पहिल्या वर्षी महसूल घटतो. कोष्टकात तेवढेच दिसते, आणि मद्रासेत बसलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याला ती घट म्हणजे गैरकारभाराचा आणखी एक पुरावा वाटण्याचा संभव. म्हणून १८६० नंतर दरवर्षी निघू लागलेल्या त्रावणकोरच्या इंग्रजी अहवालांना महत्त्व आले. आलेखाची कला तेव्हा नवी नव्हती. विल्यम प्लेफेअरने १७८६ सालीच व्यापाराचे आकडे रेषांनी काढून दाखविले होते. पण सरकारी अहवालांत भर असे तो कोष्टकांवर. रेषेचे काम वाक्यालाच करावे लागे. कोणती बाब चढली, कोणती उतरली, मागल्या सालाशी ताडून फरक किती, आणि ही घट तात्पुरती का, हे परक्या भाषेत, परक्याला पटेल अशा बेताने मांडावयाचे होते.

आज परदेशी शिकावयास जाणाऱ्या तरुणापुढे आयईएलटीएस नामक इंग्रजीच्या परीक्षेत आलेख ठेवतात आणि निदान १५० शब्दांत त्याचे वर्णन मागतात. सगळे आकडे उतरून काढणाऱ्याला तेथे मान नाही. ठळक ते निवडावे, तुलना करावी, एकूण कल सांगावा, एवढीच अपेक्षा. कारणे मात्र तेथे कोणी विचारीत नाही. माधवरावांच्या परीक्षेत सारी मदार कारणांवरच होती, आणि अनुत्तीर्ण झाल्यास जाणार होते ते राज्य.

१८६३ पर्यंत राज्याचे कर्ज फिटले. १८६६ साली माधवरावांना ‘सर’ ही पदवी मिळाली. तरी कोष्टकाची मर्यादा विसरून चालणार नाही. १८५९ साली दक्षिण त्रावणकोरात नाडार स्त्रियांच्या अंगावरील वस्त्रावरून दंगे झाले; अखेर जुलै महिन्यात जाहीरनामा काढून त्यांना अंग झाकण्याची मुभा द्यावी लागली, तीही उच्चवर्णीयांसारखा पेहराव न करण्याच्या अटीवर. जमेच्या किंवा खर्चाच्या रकान्यात हा अपमान कोठे लिहावा? राज्य वाचविणारे इंग्रजी ज्यांच्यासाठी लिहिले जात होते, ते वाचक निराळे होते.

१८७२ साली त्रावणकोर सोडून माधवराव इंदूरला होळकरांकडे गेले. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर बडोद्याची घडी बसविण्याचे काम त्यांच्याकडे आले. सयाजीराव अजून बारा वर्षांचे होते. बडोद्यातही वार्षिक अहवालांचा तोच शिरस्ता त्यांनी सुरू केला व १८८२ पर्यंत चालविला. १८९१ साली मद्रासेत त्यांचा अंत झाला. तिरुवनंतपुरम्‌च्या सचिवालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. त्या चौकाला लोक नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात.